मामा तलावाच्या पाळीवर या कुंड्या ठेवू नका : आमच्या ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
मा. सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक साहेब

विषय : तलावाच्या पाळीवर पसरणाऱ्या परदेशी वेलींच्या कुंड्या ठेवण्याचा ठराव मागे घेण्याबाबत.

सरपंचताई,

या विषयावर मी आधी साधा अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दरम्यान मासिक सभेत ठराव होऊन गेला. बाजार चौक, शाळा आणि पंचायत भवनासमोर गेल्या वर्षी ज्या सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या, तशाच आता मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर घाटापासून तुडुमापर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दारापर्यंत, दोन्ही कडांना ठेवायच्या. त्यांत तीच पिवळ्या फुलांची वेडेलिया, तीच जांभळी लोंबती घाणेरी, आणि घाटावर कमान उभारून तिच्यावर गुलाबी आइसक्रीम वेल. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे, असं कळलं. म्हणून आता सगळ्या गावासमोर लिहिते आहे. शेजारच्या गावांनीही हे वाचावं, कारण नर्सरीवाल्याची तीच गाडी तीच रोपं घेऊन पंचायतीपंचायतीला फिरते आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. आमचं धानाचं वावर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. ऐन रोवणीत पाऊस दडी मारतो तेव्हा तुडूम उघडून जे पाणी येतं, त्यावरच आमचे पऱ्हे (धानाची रोपं) तगतात. आमच्या गाई पाळीवर चरतात. आमच्या बचत गटातल्या अर्ध्याअधिक बाया धीवर समाजाच्या आहेत, त्यांची घरं या तलावातल्या मासोळीवर चालतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव जुन्या लोकांनी बांधून ठेवले. कोहळी समाजाच्या पूर्वजांचे हात त्यात आहेत, गोंड राजांचा आश्रय आहे. मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, पण पाणी अजून आम्हीच वापरतो. म्हणून पाळीवर काय लावायचं, हा प्रश्न आम्हाला शोभेपुरता नाही.

झाडांना माझा विरोध नाही. पंचायतीसमोर जिथे कचऱ्याचा ढीग असायचा तिथे आज माणूस दोन मिनिटं उभा राहू शकतो, हे तुमचं काम मी चारचौघांत मान्य करते. व्हरांड्यातल्या मनी प्लांटलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती ठरावीक वेलींना, आणि त्या ज्या जागी जाणार आहेत त्या जागेला.

कुंडीत लावलं म्हणजे झाड बंदोबस्तात राहिलं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. सरळ वाढणाऱ्या झाडाबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. लोंबणाऱ्या, सरपटणाऱ्या वेलीबद्दल नाही. ती कुंडीत लावतातच मुळी कडेवरून खाली यावी म्हणून. शाळेच्या हातपंपाजवळची कुंडी जाऊन बघा. तिच्यातून उतरलेली वेडेलियाची फांदी ओट्याच्या कडेला, जिथे सांडपाण्याने चिखल असतो, तिथे टेकली आहे. ती उचलायला गेलं तर उचलत नाही. पेरापेरातून पांढऱ्या मुळ्या निघून चिखलात रुतल्या आहेत. जोर लावला की फांदी मधूनच तुटते, हातात एक तुकडा येतो आणि बाकीचे जमिनीत जिवंत राहतात. कुंडीतलं मूळ झाड उद्या वाळलं तरी त्या तुकड्यांचं काही बिघडणार नाही. त्या हिरव्या थराखाली हात घालून पाहिलं तर आधी तिथे असलेली हरळी पिवळी पडून विरली आहे. तीन पाळ्यांच्या त्या खरबरीत पानांखाली तिला ऊनच मिळालं नाही.

ही वेल मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. बियांपेक्षा ती तुकड्यांनीच जास्त पसरते. एका पेराचा तुकडा आणि ओल, एवढं तिला पुरतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत घातक अशा १०० आक्रमक परकीय प्रजातींची यादी केली आहे, त्यात वेडेलिया आहे. त्याच यादीत जलपर्णी आहे आणि आपल्या जंगलातली रायमुनियाही (टणटणी) आहे. केरळात वेडेलियाने ओलसर जागा आणि रस्त्यांच्या कडा व्यापल्या आहेत. तिथेही ती बागेची शोभा म्हणूनच आली होती.

जांभळी लोंबती घाणेरी रायमुनियाच्याच वंशातली, दक्षिण अमेरिकेची. ऑस्ट्रेलियात ती बागांतून निसटून कुरणांत गेली आहे. आइसक्रीम वेलीची तऱ्हा वेगळी. ती जमिनीत गाठी धरते, वरून कापली की खालून पुन्हा फुटते, आणि तिच्या बिया पाण्यावर तरंगत जातात. अशी वेल तलावाच्या घाटावर लावायची?

रायमुनियाचं उदाहरण तर घरातलंच आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात फुलांसाठी आणली गेली. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या वाघांच्या प्रदेशातलं सुमारे ४० टक्के जंगल तिने व्यापल्याचं त्यात दिसलं. ताडोब्यात, नवेगावात, नागझिऱ्यात वनविभाग दरवर्षी मजूर लावून ती उपटतो. तिचा पाला पोटात गेलेल्या जनावरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते, हे आपल्या गायक्यांना, म्हणजे गुराख्यांना, कुणी शिकवावं लागत नाही. जलपर्णीही १९व्या शतकाच्या शेवटी बंगालात फुलांसाठीच आली होती. बेशरमही बाहेरून, अमेरिका खंडातून आलेली. ती तलावाच्या कडेने अशी माजली की जाळं टाकायला जागा उरेना. अर्जुनी मोरगावच्या बाजूला धीवर बायांच्या गटांनी चिखलात उतरून ती मुळासकट काढली आणि तलावात गावठी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा कुठे मासोळी परतली. आपण त्यांच्याकडून शिकायचं, की नव्या वेलीसाठी पुढच्या पिढीच्या बायांना पुन्हा चिखलात उतरवायचं?

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार छाटणीची. कुंड्यांच्या बिलात छाटणीची मजुरी आहे. छाटलेलं कुठे टाकायचं, याची एक ओळही त्यात नाही. मजूर बिचारा सांगितलं तेवढं करतो. कुंडीभोवतीचा पसारा कोयत्याने कापतो, टोपलीत भरतो आणि बाजारामागच्या नालीत ओततो. कापलेल्या प्रत्येक तुकड्याला तीन-चार पेरं असतात, म्हणजे प्रत्येक टोपलीत शेकडो रोपं जातात. ती नाली बोडीत (लहान तळ्यात) उतरते, बोडीचं पाणी पावसाळ्यात आमच्या धुऱ्यांवरून (शेताच्या बांधांवरून) जातं. नालीच्या तोंडाशी वेडेलियाचा पट्टा आज उघड दिसतो, तो कुणी लावलेला नाही. चौकातल्या कुंडीचं हे होतं, तर पाळीवरच्या कुंडीला नालीचीही गरज नाही. तिथे कुंडीच्या एका बाजूला तलावाचं पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला उतार, जो थेट धानाच्या बांध्यांत जातो.

दुसरी तक्रार विचारण्याची. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. आपल्याकडेही ती कागदावर आहे, लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा आहे. त्या नोंदवहीत आपल्या तलावातली देवधान, कमळ, शिंगाडे, पाळीवरचे मोह आणि आंबे यांची नावं लिहिलेली आहेत. मग त्याच पाळीवर तीन परदेशी वेली आणायच्या आधी त्या समितीची बैठक का झाली नाही? समितीत असलेल्या दोघींना मी विचारलं, त्यांना ठरावाची खबरच नव्हती. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. एक पत्र पाठवून सल्ला मागता आला असता. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परकीय प्रजातींसाठी वेगळं कलम आलं आणि त्यांचा व्यापार, बाळगणं आणि फैलाव यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. हे सगळं दिल्लीत चालू असताना गावाने गावाच्या पैशातून त्याच रोपांची खरेदी करावी, हे मला पटत नाही. वरून बंदी येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. आपल्या पाळीवर काय नको, हे ग्रामसभा ठरवू शकते.

तिसरी तक्रार खुद्द पाळीची. रोपं देणारे म्हणतात, वेडेलिया माती धरून ठेवते. धरते, ते मी नाकारत नाही. पण माती धरायला आपल्याकडे हरळी आहेच. कुणी म्हणेल, हरळीही अशीच पेरापेरातून पसरते. पसरते, पण तिला गाई चरतात, म्हणून ती पाळीवर बुटकी राहते आणि पाळ उघडी दिसते. वेडेलियाला आमच्या गाई हुंगतात आणि पुढे जातात. ती घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत दाट माजते. मृगाच्या आधी जाणती माणसं पाळीवरून फिरतात ती कशासाठी? खेकड्यांची आणि उंदरांची बिळं शोधायला. बीळ वेळेवर सापडलं तर पाटीभर मुरूम घालून बुजतं. नाही सापडलं तर भर श्रावणात तिथून पाणी झिरपायला लागतं, आणि मग सगळं गाव रात्री गोणपाटं घेऊन धावतं. सबंध पाळ हिरव्या थराने झाकली तर बीळ दिसणार कसं? झिरपा कळणार कसा? शिवाय त्या दाटीत साप बसतात, आणि त्याच पाळीवरून पोरं शाळेत जातात. पाळीवर सौंदर्य हवं असेल तर आधी तिची सुरक्षितता बघा.

चौथी तक्रार अजून घडलेल्या गोष्टीची नाही, पण ती घडणार हे मला दिसतं. वेल आवरेनाशी झाली की फवारणी होईल. पंचायतीच्या मागे गवतावर तणनाशक मारलेलं आम्ही पाहिलं आहे. पाळीवर मारलं तर पहिल्या सरीबरोबर ते तलावात येईल. त्या पाण्यात मासोळी आहे, त्या पाण्यावर जनावरं येतात, बाया कपडे धुतात. मासेमार सोसायटीने या वर्षीही माशांची बोटुकली (पिल्लं) सोडली आहेत. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे ठरावात लिहिलेलं नाही.

काही जण म्हणतात, आपल्याकडचा उन्हाळा या वेलींना पुरून उरेल, पंचेचाळीसच्या वर पारा गेला की सगळं जळून जाईल. कोरड्या मुरमावर जळेल, हे खरं. पण नाली, बोडी, हातपंपाचा ओटा, तुडुमाखालची ओल आणि कालव्याच्या पाण्यात भिजणारे धुरे या जागा मे महिन्यातही पूर्ण सुकत नाहीत. वेलीला तेवढ्याच जागा लागतात, आणि आमच्यासाठी नेमक्या त्याच जागा मोलाच्या आहेत. शहरातल्या दुभाजकांत हीच वेल लावतात, असंही ऐकवलं गेलं. दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना डांबर असतं. आपल्या पाळीच्या एका बाजूला तलाव आहे, दुसऱ्या बाजूला वावर.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

पाळीवर आणि घाटावर या तीन वेलींच्या कुंड्या ठेवण्याचा ठराव मागे घ्या. रोपांची मागणी नोंदवली असेल तर ती रद्द करा. आगाऊ रक्कम गेली असेल तर तेवढ्या पैशाची दुसरी रोपं घ्या, वाया काही जाणार नाही.

चौक, शाळा आणि पंचायतीसमोरच्या कुंड्यांमधली वेडेलिया पाऊस पडायच्या आत काढा. आता जमीन टणक आहे, तुटलेला तुकडा लगेच रुजत नाही, म्हणून हीच वेळ योग्य आहे. मुळासकट काढलेलं सगळं काळ्या प्लास्टिकच्या पोत्यांत भरून, तोंडं बांधून, सिमेंटच्या अंगणात उन्हात पडू द्या. आतलं पूर्ण कुजून काळं झाल्याशिवाय पोतं उघडायचं नाही. उकंड्यावर, नालीत, घंटागाडीत किंवा शेणखताच्या खड्ड्यात एकही तुकडा जाऊ नये. नालीच्या तोंडाशी जो पट्टा आहे तो खोदून काढावा लागेल, नुसता उपटून भागणार नाही. पावसाळ्यानंतर त्याच जागा पुन्हा तपासाव्या लागतील, कारण राहिलेलं पेर तेव्हाच फुटतं. या कामासाठी आमच्या गटातल्या बाया यायला तयार आहेत. मजुरी रोजगार हमीच्या दराने द्या, फुकट राबवू नका.

तणनाशक तलाव, बोडी आणि नाली यांच्या आसपास वापरायचं नाही, असा लेखी निर्णय घ्या.

यापुढे गावाच्या पैशातून कोणतंही शोभेचं झाड घ्यायच्या आधी जैवविविधता समितीची संमती घ्या आणि रोपांची नावं पंचायतीच्या फलकावर लावा. नर्सरीवाला "शोची वेल" एवढंच सांगत असेल तर ते रोप घेऊ नका. नाव विचारा, मूळ देश विचारा, तुकड्याने रुजते का ते विचारा.

कुंड्या रिकाम्या ठेवा, असं मी म्हणत नाही. लोंबणारं, पसरणारं, फुलणारं आपल्याकडे भरपूर आहे. विष्णुक्रांता आपल्याच माळावर उगवते, जमिनीलगत पसरते आणि सकाळी तिची निळी बारीक फुलं उमलतात तेव्हा बघत राहावं असं वाटतं. खोलगट कुंडीला ती शोभेल. पंचायतीच्या सावलीतल्या ओलसर कुंड्यांत ब्राह्मी लावा, ती कडेवरून छान खाली येते. शतावरीची बारीक पानांची फांदी उंच कुंडीतून लोंबते, तिला वर्षाकाठी फुलं येतात, आणि बाळंतिणीसाठी मुळ्याही कामी येतात. शाळेच्या कमानीवर मायाळू किंवा वाल (आपला पोपट) चढवा. पोपटाच्या शेंगा शाळेच्या खिचडीत जातील. कळलावीचं फूल देखणं असलं तरी तिच्या गाठी विषारी आहेत, तेव्हा ती शाळेत नकोच. पाळीवर मात्र कुंड्याच नकोत. तिथे हरळी राहू द्या, जुने मोह-आंबे राहू द्या, फार तर बसायला दोन ओटे बांधा.

विष्णुक्रांता, ब्राह्मी आणि शतावरीची रोपं आमचा गट करून देईल. शेतांच्या धुऱ्यांवरून आणि कोरड्या माळावरून बी आणि मुळ्या गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे. कुंड्या पंचायतीच्या, माती पंचायतीची, रोपांचे पैसे आम्ही घेणार नाही.

सरपंचताई, तुम्ही स्वतः तलावाखालच्या वाडीत वाढलेल्या आहात. पाळीला भगदाड पडल्यावर बायकांची काय तारांबळ उडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्रामसेवक साहेब नवे आहेत, त्यांना मी कोणत्याही दिवशी पाळीवरून फिरवायला तयार आहे. हातपंपाजवळची कुंडी, नालीचं तोंड आणि तुडूम एकदा दाखवायचं आहे. सदस्यांपैकी ज्यांनी ठरावाला हात वर केला त्यांच्यावर माझा राग नाही. फुलं दिसली, स्वस्त पडली, लवकर पसरते म्हणून कमी रोपांत भागतं असं सांगितलं गेलं, म्हणून ते हो म्हणाले. लवकर पसरते हाच तिचा दोष आहे, एवढं त्यांनी आता ऐकून घ्यावं.

पाऊस पडला की हे सगळं हाताबाहेर जाईल. म्हणून मृग लागायच्या आत विशेष ग्रामसभा बोलवा, हा विषय अजेंड्यावर पहिला ठेवा आणि जैवविविधता समितीला तिथे बोलू द्या. बोलवणार नसाल तर का नाही, ते मला लेखी कळवा. या पत्राची प्रत मी मासेमार सोसायटीला आणि शाळा व्यवस्थापन समितीला दिली आहे. एक प्रत नागपूरच्या जैवविविधता मंडळाला टपालाने पाठवली आहे. पोती आम्ही जमवून ठेवली आहेत. तुम्ही दिवस सांगा, सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही शाळेपासून सुरुवात करतो.

आपली,
तलावाखालच्या वावरातली एक धान-शेतकरी,
आणि बचत गटातल्या सर्व बाया